ढासळून उरतं ते

फरशीवर खडूनं चार घरं आखा. दोन वर, दोन खाली, एकमेकांना चिकटून. प्रत्येक घरात तीन-तीन चिंचोके ठेवा. नियम एकच आहे: घरात चार चिंचोके झाले की ते घर ढासळतं. ढासळलं म्हणजे त्यातले चार चिंचोके चार दिशांना एकेक करून जातात. त्या बाजूला घर असेल तर त्यात पडतात, नसेल तर आखणीबाहेर. बाहेर गेलेला चिंचोका खेळातून बाद.

आता वरच्या डाव्या घरात एक चिंचोका वाढवा. चार झाले, घर ढासळलं. एक चिंचोका उजवीकडच्या घरात गेला, एक खालच्या घरात, दोन बाहेर. पण त्यामुळे ती दोन्ही शेजारची घरं तीनावरून चारावर आली. दोन्ही एकाच वेळी ढासळायच्या तयारीत आहेत आणि पहिलं कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. आधी उजवं ढासळवा आणि मग पुढचं पाहा, किंवा आधी खालचं. तिरक्या कोपऱ्यातलं घर मध्येच चारावर पोचेल, तेही लगेच घ्या किंवा मागे ठेवा. हवा तो क्रम लावा. सगळं थांबेल तेव्हा वरच्या डाव्या घरात दोन चिंचोके असतील आणि बाकी तिन्ही घरांत एकेक. तेरांपैकी आठ बाहेर, पाच आत. क्रम कोणताही असो, उरलेली मांडणी हीच. प्रत्येक घर बरोबर एकदाच ढासळलेलं असेल, हेही क्रमावर अवलंबून नाही.

घरांची जाळी, प्रत्येक घरात एक आकडा, आणि शेजाऱ्यांच्या स्थितीवरून तो आकडा बदलण्याचा सगळीकडे सारखाच नियम, अशा रचनेला सेल्युलर ऑटोमेटन म्हणतात. जॉन कॉनवेचा ‘गेम ऑफ लाइफ’ हा त्यातला सर्वांत लोकप्रिय. आपण आत्ता खेळलो तो वाळूचा ढीग. ज्या मांडणीत कोणत्याच घरात तीनपेक्षा जास्त दाणे नाहीत ती स्थिर मांडणी; तिथे नियमाला करायला काही उरत नाही. अशा स्थिर मांडण्यांमध्ये काय दडलं आहे, हे प्रथम नेमकेपणानं उलगडलं ते मुंबईत, कुलाब्याला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेलं हे काम आपल्याकडे शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक व्हावं असं मला मनापासून वाटतं.

या ढिगाचा जन्म मात्र कुलाब्याचा नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ब्रुकहेवन ही अमेरिकेची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे पेर बाक हे डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ, चाओ टांग आणि कर्ट वीझनफेल्ड या दोन तरुण सहकाऱ्यांसह एका जुन्या कोड्यामागे लागले होते. निसर्गात आणि उपकरणांत अनेक ठिकाणी एक विशिष्ट प्रकारची खरखर आढळते. तिच्यात लहान चढउतार खूप असतात, मोठे थोडे असतात, आणि या दोहोंचं प्रमाण साध्या सूत्रात बसतं. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या इतक्या गोष्टींत ही एकच खूण का सापडावी? तिघांनी सुरुवात केली ती एकमेकांना जोडलेल्या लंबकांचा विचार करून. वाळूचा ढीग हे त्या समीकरणांचं डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र होतं. १९८७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि चित्र मूळ विषयापेक्षा मोठं झालं.

त्यांचं म्हणणं असं होतं. पाणी आणि वाफ यांतला फरक जिथे नाहीसा होतो तो बिंदू गाठायचा तर तापमान आणि दाब दोन्ही काटेकोर जुळवावे लागतात. वाळूच्या ढिगाला कुणी काही जुळवत नाही. दाणे सावकाश टाकत राहा, ढीग आपणहून अशा अवस्थेला येतो की पुढचा दाणा टाकल्यावर काहीच होणार नाही किंवा सगळी जाळी हलेल, आणि या दोन टोकांच्या मधल्या सर्व आकारांच्या पडझडी होत राहतील. भूकंप, जंगलातले वणवे, बाजारातली घसरण, जीवजातींचा विनाश, सगळ्यांवर ही किल्ली लावून पाहण्यात आली. बाक यांनी १९९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं, ‘हाऊ नेचर वर्क्स’, म्हणजे निसर्ग कसा चालतो. नावातच दावा किती मोठा होता ते दिसतं.

खरी वाळू या दाव्याला पुरेशी जागली नाही. शिकागो विद्यापीठात सिडनी नागेल आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वाळू सरकवून पाहिली तेव्हा सर्व आकारांच्या पडझडींचा तो नमुना सापडला नाही. वाळूच्या दाण्याला वेग असतो, एकदा सुटला की तो सुसाट जातो. मग ओस्लोमध्ये तांदूळ घेतला गेला. लांब दाण्याचा तांदूळ एकमेकांत अडकतो, घरंगळत नाही. १९९६ च्या त्या प्रयोगात लांब दाण्याच्या तांदळाचा ढीग सिद्धांताला धरून वागला आणि आखूड, गोल दाण्याचा वागला नाही. हे प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. कारण त्यांनी प्रारूपाला त्याची जागा दाखवली. फरशीवरचा तो खेळ कोणत्याही किनाऱ्यावरच्या वाळूचं वर्णन नाही. पण म्हणून तो कमी महत्त्वाचा ठरत नाही. सगळी दुनिया पडझडीकडे बघत होती, तेव्हा पडझड थांबल्यावर उरलेल्या मांडणीकडे बघणारा माणूस मुंबईत होता.

दीपक धर यांचा जन्म १९५१ चा, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. अलाहाबाद विद्यापीठ, कानपूरची आयआयटी, पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमधून पीएच.डी. आणि १९७८ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. कुलाब्याला नेव्हीनगरच्या टोकाला, समुद्राला लागून असलेली होमी भाभांची ही संस्था. धर संख्याशास्त्रीय भौतिकीतले. पुष्कळ कण एकत्र आले की त्यांचं सामुदायिक वर्तन कसं असतं, याचा हा अभ्यास. या विषयात दोन वाटा असतात. एक संगणकावर लाखो वेळा खेळ चालवून आकडे जमवण्याची. दुसरी, एखादं प्रारूप कागद-पेन्सिलीनं शेवटपर्यंत, एकही अंदाज न बांधता सोडवण्याची. दुसरी वाट क्वचितच खुली होते. १९८९ साली धर आणि रामकृष्ण रामस्वामी यांनी ढिगाचा एक सोपा प्रकार असा पूर्ण सोडवून दाखवला. त्यात दाणे फक्त उताराच्याच दिशेनं जातात. पुढच्या वर्षी धर यांचा एकट्याचा निबंध आला आणि त्यात मूळ ढिगालाच हात घातला होता.

त्या निबंधाचा पाया आपण चार घरांत पाहिला तोच आहे. तो किती साधा आहे ते बघण्यासारखं आहे. समजा दोन घरं एकाच वेळी ढासळायच्या बेतात आहेत. पहिलं ढासळलं, तर दुसऱ्यातले दाणे वाढतील किंवा तितकेच राहतील. कमी तर होणार नाहीत, कारण घरातले दाणे कमी होतात ते फक्त ते घर स्वतः ढासळल्यावर. म्हणजे दुसरं घर ढासळण्यावाचून सुटत नाही. शिवाय प्रत्येक ढासळणं म्हणजे ठरावीक वजाबाकी आणि ठरावीक बेरीज: स्वतःतून चार कमी, शेजाऱ्यांत एकेक जास्त. त्या क्षणी घरात चार होते की सात, याच्याशी तिचा संबंध नाही. आणि बेरीज-वजाबाकीत क्रमाला अर्थ नसतो. पाचात आधी तीन मिळवा मग दोन काढा, किंवा उलट करा. इतकंच. एवढ्यावरून सिद्ध होतं की शेवटची स्थिर मांडणी एकच असते, आणि एक दाणा इथे व एक तिथे टाकायचा असेल तर आधी कुठे टाकला यानंही फरक पडत नाही.

ज्या क्रियांत क्रम बदलून चालतो त्यांना गणितात नॉर्वेच्या नील्स आबेलच्या नावावरून आबेलियन म्हणतात. म्हणून हा ढीग आज आबेलियन सँडपाइल या नावानं ओळखला जातो. तीन वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ हाच नियम संगणकावर चालवत होते. प्रत्येकाच्या प्रोग्रामला कुठल्या तरी क्रमानंच घरं ढासळवावी लागत होती. या क्रमाला महत्त्व नाही ही गोष्ट डोळ्यांसमोर होती. धर यांनी ती पाहिली, आणि तिच्यात केवढं गणित भरलं आहे तेही पाहिलं.

एक प्रश्न घ्या. स्थिर मांडण्या तर पुष्कळ. चार घरांत प्रत्येकी शून्य ते तीन, म्हणजे २५६. दाणे बेछूट टाकत राहिलो तर या सगळ्या मांडण्या पुन्हा पुन्हा येत राहतील का? उत्तर नाही असं आहे, आणि कारण पुन्हा शाळकरी मुलाला पटेल असं आहे. शेजारशेजारची दोन घरं घ्या. दोन्ही कधी ना कधी ढासळली आहेत. आता दोन्ही रिकामी दिसतील का? त्या दोघांत जे नंतर ढासळलं त्यानं पहिल्याच्या पदरात एक दाणा टाकला. पहिलं त्यानंतर ढासळलेलं नाही, मग तो दाणा गेला कुठे? तो तिथेच असणार. म्हणून एकदा ढीग रंगात आला की शेजारी-शेजारी दोन शून्यं कधीच येत नाहीत. चारही घरांत एकेक दाणा, ही मांडणीसुद्धा अशीच हद्दपार आहे. एका घरात दोन आणि बाकीच्यांत एकेक, ही मात्र येते. आपण स्वतःच ती मांडली.

कोणती मांडणी परत येणारी आणि कोणती कायमची गेलेली, हे ओळखायला धर यांनी एक कसोटी दिली. जाळीला बाहेरून आग लावायची. ज्या घरातले दाणे त्याच्या न जळलेल्या शेजाऱ्यांच्या संख्येइतके किंवा जास्त असतील ते घर पेटतं. ते पेटलं की त्याच्या शेजाऱ्यांचा न जळलेला शेजार एकानं कमी होतो, आग पुढे सरकते. सगळी जाळी जळाली तर ती मांडणी परत येणारी. मध्येच एखादा पुंजका न जळता राहिला तर ती मांडणी एकदा गेली की गेली. एकेक दाण्याच्या मांडणीला लावून पाहा: प्रत्येक घराला दोन शेजारी, दाणा एकच, कुठेच पेट घेत नाही. वरच्या डाव्या घरात दोन ठेवा, लगेच ते पेटतं आणि पाठोपाठ बाकीची तिन्ही.

२५६ पैकी १९२ मांडण्या या कसोटीला उतरतात. तीन बाय तीनच्या जाळीत २,६२,१४४ स्थिर मांडण्यांपैकी १,००,३५२. मोजायचं कसं, तर त्यासाठी एक सूत्र आहे, आणि त्याचं मूळ विजेच्या मंडलांत आहे. जर्मनीच्या गुस्ताफ किर्खहोफनं १८४७ साली तारांच्या जाळ्यातून प्रवाह कसा वाहतो ते शोधताना एक प्रमेय मांडलं होतं. जाळ्यातल्या काही तारा अशा निवडायच्या की सगळे बिंदू जोडलेले राहतील, पण कुठेही वेढा पडणार नाही. अशी निवड किती प्रकारांनी करता येते ते हे प्रमेय सांगतं. धर यांनी दाखवलं की ढिगाच्या परत येणाऱ्या मांडण्यांची संख्या नेमकी तेवढीच असते. पुढे टीआयएफआरमधल्याच सत्य मजुमदार यांच्याबरोबर त्यांनी हे नातं आणखी घट्ट केलं. बाहेरून शिरलेली आग ज्या वाटेनं घराघरांत पोचते ती वाट आखली की फांद्यांचं एक झाड तयार होतं. प्रत्येक मांडणीचं झाड वेगळं, प्रत्येक झाडाची मांडणी वेगळी. दाण्यांचे आकडे पुसून टाकले आणि नुसतं झाड ठेवलं तरी सगळे आकडे परत मिळवता येतात.

जाळी वाढत जाते तशा स्थिर मांडण्या प्रत्येक नव्या घरागणिक चौपट होतात, परत येणाऱ्या मात्र सुमारे ३.२१ पट. फरक लहान वाटतो. पण हजार घरांच्या जाळीत तो हजार वेळा स्वतःशी गुणला जातो, आणि परत येणाऱ्या मांडण्या एकूण स्थिर मांडण्यांचा नगण्य अंश होऊन बसतात. स्थिर असणं ही सोपी गोष्ट आहे. स्थिर असून पुन्हा येणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

आता या परत येणाऱ्या मांडण्यांची आपसात बेरीज करा. एकावर दुसरी ठेवायची, घरोघरी दाणे मिळवायचे, आणि जे ढासळेल ते ढासळू द्यायचं. जी स्थिर मांडणी उरेल ती उत्तर. धर यांच्या निष्कर्षांतून असं निघतं की या बेरजेला सगळे शिष्टाचार लागू आहेत. क्रम बदलला तरी चालतो, कंस कुठेही घाला, आणि केलेली बेरीज उलटवताही येते. गणितात अशा कुळाला गट म्हणतात. गट म्हटला की त्यात एक शून्य असलंच पाहिजे, म्हणजे जे कशातही मिळवलं तरी ते जसंच्या तसं राहील असं काहीतरी. मोकळी जाळी हे शून्य होऊ शकत नाही, कारण ती परत येणाऱ्यांत नाहीच; तिच्यात तर शेजारी-शेजारी शून्यं भरलेली आहेत. मग शून्य कोण?

चार घरांच्या जाळीत ते शून्य म्हणजे प्रत्येक घरात दोन दाणे. सुरुवातीला आपण ४, ३, ३, ३ वरून निघून २, १, १, १ वर पोचलो. त्या ४, ३, ३, ३ मधून २, १, १, १ वजा करून पाहा. उरतात २, २, २, २. म्हणजे आपण नकळत २, १, १, १ मध्ये हे शून्यच मिळवलं होतं, आठ दाणे घातले होते, आठच बाहेर पडले, आणि मांडणी होती तीच परत आली. तीन बाय तीनच्या जाळीतलं शून्य जरा नक्षीदार आहे: चार कोपऱ्यांत दोन-दोन, चार कडांच्या मध्यावर एकेक, आणि मधलं घर रिकामं. सगळीकडे तीन असलेल्या मांडणीत हे मिळवून बघा, कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. आधी कोपरे आणि कडा ढासळतात, मग मधलं घर सातावर जाऊन ढासळतं आणि सगळीकडे पुन्हा तीन होतात.

मोठ्या जाळ्यांतलं शून्य पाहिलं की थक्क व्हायला होतं. ब्रुकहेवनचेच मायकल क्रॉयट्झ यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाच्या पडद्यावर ही शून्यं रंगवून दाखवली. शून्य, एक, दोन, तीन यांना चार रंग. मधोमध दोनाचा सपाट चौकोन, त्याभोवती त्रिकोणांत त्रिकोण, कडेकडे बारीक होत जाणारे. ठिपक्यांच्या रांगोळीसारखी समोरासमोरच्या बाजू तंतोतंत जुळणारी ही आकृती आहे, पण काढणारा हात नाही आणि मनात धरलेला नमुनाही नाही. काहीही न बदलणारी मांडणी कोणती, एवढ्या एका प्रश्नाचं ते उत्तर आहे.

मजुमदार आणि धर यांनी १९९१ साली आणखी एक प्रश्न सोडवला. मोठी जाळी, ढीग रंगात आलेला. एखादं घर रिकामं सापडण्याची शक्यता किती? उत्तर आलं सुमारे ७.३६ टक्के, आणि ते नेमकं लिहायचं तर त्यात पाय येतो, वर्तुळाचा पाय. चौकोनी घरं, पूर्णांकातले दाणे, आणि उत्तरात पाय! एक, दोन आणि तीन दाण्यांच्या शक्यता काढणं त्याहून कितीतरी अवघड होतं. रशियाचे व्याचेस्लाव प्रीझ्झेव यांनी काही वर्षांनी तो मार्ग खुला केला. त्याही उत्तरांत पायच पाय. पण या सगळ्यांवरून एका घरातल्या दाण्यांची सरासरी काढली की सगळे पाय एकमेकांना खोडून टाकतात आणि उरतो साधा अपूर्णांक, १७ भागिले ८, म्हणजे २.१२५. हे पक्कं सिद्ध व्हायला २०११ साल उजाडलं. गंमत म्हणजे दरम्यान २०१० साली ॲन फे, लायोनेल लेव्हिन आणि डेव्हिड विल्सन यांनी संगणकावर काटेकोर मोजून दाखवलं की दाणे कडेनं बाहेर पडूच दिले नाहीत आणि नुसते भरत गेलो, तर ढासळणं कायमचं सुरू होण्याचा उंबरठा २.१२५२८८ वर येतो. दोन्ही आकडे एकच असणार असं अनेक जण गृहीत धरून होते. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत ते सारखे आहेत आणि मग वेगळे होतात. संगणकाच्या ढोबळ आकड्यांवर विसंबून राहणाऱ्याला हा फरक सहज निसटला असता. नेमकं सोडवण्याचा हट्ट धरणाऱ्यांबद्दल मला जो आदर वाटतो तो अशा ठिकाणी.

धर यांचं या विषयातलं उत्तरार्धातलं काम माझ्या विशेष आवडीचं आहे. यात जाळी अमर्याद, कड नाही, आणि सगळे दाणे एकाच घरात टाकायचे. हजार, लाख, कोटी. ते ढासळत, पसरत शेवटी स्थिर होतात आणि एक आकृती उरते. साधारण गोल दिसणारी, आत असंख्य तुकडे, प्रत्येक तुकड्यात आकड्यांची आपली एक ठरलेली पुनरावृत्ती: कुठे बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक, कुठे तिरके पट्टे. तुकड्यांच्या सीमा धारदार. दाणे चौपट केले की आकृतीची रुंदी दुप्पट होते, आणि आतला प्रत्येक तुकडाही त्याच प्रमाणात वाढतो. नवा भाग कडेला चिकटत नाही, सगळी आकृती एकदम मोठी होते.

धर यांनी यात जीवशास्त्राचा एक प्रश्न पाहिला. प्राण्याचं पिल्लू वाढतं तेव्हा त्याचे हात, पाय, डोकं साधारण एकाच प्रमाणात वाढतात. स्फटिक असा वाढत नाही. त्याच्या पृष्ठभागावर थर चढतात, आतला भाग आहे तसाच राहतो. भौतिकशास्त्रातली वाढीची बहुतेक प्रारूपं स्फटिकाच्या जातीची. दूरच्या अवयवांनी एकमेकांशी प्रमाण राखावं, तेही प्रत्येक घराला फक्त आपला शेजार दिसत असताना, हे कसं घडतं? ढिगाची आकृती हे अशा वाढीचं अगदी साधं, गणितानं हाताळता येणारं उदाहरण आहे. त्रिदीब साधू आणि समर्थ चंद्रा यांच्यासह धर यांनी २००९ मध्ये ढिगाचा एक प्रकार निवडला. त्यात प्रत्येक घरातून दोन बाण बाहेर जातात, दोन आत येतात, दोन दाणे झाले की घर ढासळतं, आणि सुरुवातीला जाळीवर शून्य व एक एकाआड एक मांडलेले असतात. इथे उरणाऱ्या आकृतीत फक्त दोनच प्रकारचे तुकडे असतात: एक पूर्ण भरलेले, दुसरे निम्मे भरलेले. या आकृतीतल्या प्रत्येक सीमेची जागा त्यांनी सूत्रानं काढून दिली. संगणकावर काढलेली आकृती आणि सूत्रावरून काढलेली आकृती एकमेकांवर ठेवता येतात.

मूळच्या चार दाण्यांच्या ढिगाची आकृती अधिक हट्टी निघाली. स्रद्यान ओस्तोयिच यांनी २००३ मध्ये तिच्या तुकड्यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. दाणे वाढवत नेले की आकृती एका निश्चित मर्यादेकडे जाते, हे २०१३ साली वेस्ली पेग्डेन आणि चार्ल्स स्मार्ट या अमेरिकी गणितज्ञांनी सिद्ध केलं. पुढे लेव्हिन यांच्यासह त्यांनी तुकड्यांचं मूळ शोधलं, आणि ते सापडलं अपोलोनियसच्या वर्तुळांत. एकमेकांना टेकलेल्या तीन वर्तुळांच्या फटीत चौथं बसवायचं, उरलेल्या फटींत आणखी लहान, असं अनंतापर्यंत. बावीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक भूमितीकाराच्या नावानं ओळखली जाणारी ती रचना ढिगातल्या तुकड्यांचा हिशेब ठेवते. प्रत्येक वर्तुळाशी आकड्यांची एक पुनरावृत्ती जोडलेली असते.

धर पुढे पुण्याला आयसर या संशोधन संस्थेत गेले. २०२२ सालचं बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर मिळालं. संख्याशास्त्रीय भौतिकीतला हा जगातला सर्वोच्च सन्मान तीन वर्षांतून एकदा दिला जातो आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढच्या वर्षी पद्मभूषण. हॉपफील्ड यांना २०२४ चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर पानं भरली. बोल्ट्झमन पदकाचा दुसरा मानकरी भारतीय आहे हे मला कुठल्याच बातमीत वाचायला मिळालं नाही.

ढिगाचे हे सगळे खेळ घरी करून बघता येतात. दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम पुरतो, शाळेतल्या मुलांनाही लिहिता येईल असा. करायचं तर सुरुवातीच्या जाळीशी खेळून बघा. रिकाम्या जाळीवर मधोमध दाणे ओतलेत तर ती गोलसर, कडेला ठिकठिकाणी सपाट झालेली आकृती मिळेल. तिच्या सीमारेषेचं नेमकं सूत्र अजून कुणाला सापडलेलं नाही. सगळीकडे दोन दाणे ठेवून सुरुवात केलीत तर तिची कड बदलते आणि नितळ चौकोन उमटतो, कितीही दाणे ओता, चौकोन मोठा होऊन थांबतो. अमर्याद जाळीत सगळीकडे तीन ठेवलेत तर मधला एकच जादा दाणा पुरतो: लाट पसरतच जाते, कधीच काही स्थिर होत नाही. आणि दोनाच्या त्या शांत जाळीत कुठे कुठे, अगदी विरळ, बेछूटपणे एखाददुसरा तीन पेरलात तर? फे, लेव्हिन आणि युवाल पेरेस यांनी हे सिद्ध करून ठेवलं आहे. जाळी अमर्याद असेल तर ते तीन कितीही विरळ असोत, हजारात एक किंवा कोटीत एक, मधोमध पुरेसे दाणे ओतले की चौकोन थांबत नाही. तो वाढतच राहतो, वाटेत भेटलेला प्रत्येक तीन त्याला पुढच्या रांगेत ढकलतो, आणि स्थिर मांडणी कधीच येत नाही.